पाणी पिणारा रस्ता

"सरकारी कागद मराठीत आला तर वाचीन, न्हायतर डोळं मिटून जाईन!"

परशरामानं छाती ठोकून सांगितलं आणि सीमाभागातल्या शहापूरच्या अख्ख्या विणकर गल्लीनं माना डोलावल्या. गल्लीच्या तोंडाला नवा फलक लागला होता, नुसता कानडीत. रस्ता नव्यानं होणार, एवढं चित्रावरून कळत होतं. खालच्या तीस ओळी कुणी वाचायच्या नाहीत, असं ठरलं.

आता गंमत बघा. कानडी न येणारा माणूस त्या गल्लीत औषधाला नव्हता! परशराम स्वतः बाजारात कानडीत भांडायचा, धावत्या बसमधून कानडी सिनेमाच्या जाहिराती वाचायचा. पण मराठी दारात एक ओळ मराठी लावायला ज्यांचा हात मोडतो, त्यांचं का वाचायचं? राग खरा होता. डोळे मिटणं तेवढं खोटं.

शेजारचा भरमू एकदा फलकापाशी रेंगाळला.

"भरम्या, मान खाली!"

"आरं, नुसती तारीख बघतोय."

"ती बी कानडीच हाय!"

मग दोन महिने गल्लीची आतडी बाहेर. जुना रस्ता फोडला, त्याचीच खडी चाळून परत खाली अंथरली. घरात शिरायला फळ्या. धूळ एवढी, की भाकरी दगडाची का ज्वारीची कळेना! वर सच्छिद्र ब्लॉक बसले, कडेला करंजाची रोपं लागली. खात्याचे इंजिनियर सन्मती साहेब निपाणीकडचे, मराठी तुमच्या-आमच्याहून गोड. त्यांनी बादलीभर पाणी ओतून दाखवलं. गडप!

"डांबर पाणी ढकलतंय, अण्णा. हा रस्ता पितो."

"लई बेस!" परशराम म्हणाला. पिऊन ते जातंय कुठं, हे कुणी विचारलं नाही.

परशरामाचा माग जमिनीत होता. गल्लीतला शेवटचा हातमाग. बाकीचे यंत्रमागानं गिळले. रस्त्याकडच्या भिंतीलगत कमरेएवढा खड्डा. काठावर बसायचं, पाय खाली दाबायच्या लाकडी पावड्यांवर. वय छप्पन्न, दुसरं काही येत नव्हतं. चार इरकली लुगड्यांच्या उभ्या सुताचा ताणा नुकताच चढवला होता.

जुलैत चार दिवस धो धो कोसळला. गल्लीत चप्पलसुद्धा भिजली नाही! भरमूनं रस्त्याला नारळ फोडला. पाचव्या सकाळी परशरामानं मागावर बसून पाय सोडले आणि किंचाळला.

"मने! खाली काय गार लागतंय?"

त्याची बायको मनुबाई वाकली. "पाणी हाय वो!"

दोघांनी बादल्या घेतल्या. चाळीस बादल्या उपसून बाहेर ओतल्या. रस्त्यानं त्या गटागटा प्यायल्या आणि परत खड्ड्यात आणून दिल्या! दुपारी पाणी गुडघ्याला, दिवस मावळताना मांडीला. पावड्या फुगून अडकल्या. आठवड्यात ताण्यावर बुरशी चढली.

परशराम साहेबांकडं गेला.

"साहेब, तुमचा रस्ता माझ्या घरात आला."

"अण्णा, नाव का नोंदवलं न्हाय? आड, तळघर, मागाचा खड्डा ज्याच्या घरात, त्यानं पंधरा दिवसांत कळवायचं होतं. भिंतीबाहेरनं पाणी अडवणारा पडदा घालून देणार होतो. फुकट! फलकावर लिहिलंय की. एक नाव आलं न्हाय. मला वाटलं, हातमाग सगळे संपले."

"एक ओळ मराठीत लिवली असती तर हात झडला असता?"

"वरून हुकूम न्हाय."

"तोंड तर हुतं की तुमाला!"

साहेब हळूच म्हणाले, "तुम्हाला वाचाय येत न्हवतं का?"

आता परशरामाची मान खाली.

"घाला की पडदा आता," तो शेवटी पुटपुटला.

"पाच वर्षं ह्या रस्त्याला कुदळ लावायची न्हाय, अण्णा. करारच तसा हाय."

भरमूनं आणि परशरामानं माग सुटा करून खड्ड्यातनं काढला. लाकूड फुगून वाकडं झालेलं. जुळेना.

पुढच्या महिन्यात सन्मती साहेब वरच्या खात्याचे पाहुणे घेऊन परशरामाकडं आले. हातात लांब मोजपट्टी. रस्ता जमिनीला पाणी देतो, त्याचा धडधडीत पुरावा शहरात ह्या एकाच घरात होता! परशराम सवयीनं काठावर बसलेला, पाय पाण्यात. पट्टी खाली सोडली. पाहुणे वाकले, वा वा झाली. फोटोवाला पुढं सरसावला.

"अण्णा, जरा पाय वर घ्या. आकडा झाकतोय."

परशरामानं पाय वर घेतले. कुठं ठेवायचे ते त्याला कळेना.