सरहद्दीपलीकडचे डांबर

ज्या बाईला युजीन मॅकमॉरोने रस्त्याचा शब्द दिला, आणि पाळलाही, तिला त्याला मतच देता येत नव्हते. हे त्याला कळले तेव्हा डांबर वाळले होते.

निमित्त झाले ह्यूई गिलगनच्या मयताचे. काउंटी कौन्सिलची निवडणूक पाच आठवड्यांवर आली होती. मागच्या खेपेला तीन दिवस मोजणी चालून युजीन अकरा मतांनी कसाबसा आत गेला होता. त्यात आता प्रभागाची फेररचना होऊन डोंगराकडची गावे त्याच्या वाट्याला आली होती. तिथली माणसे त्याला ओळखत नव्हती आणि रस्ते तो ओळखत नव्हता. अशा वेळी काउन्सिलरने मयत चुकवून चालत नाही. सकाळी त्याची बायको बर्नी निधनवार्ता वाचत असे आणि तो टोस्ट खात खात ऐकत असे.

"ह्यूई गिलगन, वय एक्क्याण्णव," बर्नी म्हणाली. "टलीनॅशला, मुलीच्या घरी ठेवलंय."

"माणसं किती?"

"सहा मुलगे, तीन मुली. नातवंडं 'पुष्कळ' असं लिहिलंय."

युजीनने टोस्ट तसाच टाकला आणि काळा टाय शोधायला उठला.

टलीनॅशची पाणंद म्हणजे खड्ड्यांना खड्डे जोडून केलेला रस्ता होता. दक्षिणेत डब्लिनचे सरकार, उत्तरेत लंडनचे; त्यांच्यामधली सरहद्द तिथून जवळच, पण नेमकी कुठून जाते हे सांगणे कठीण. ती ओढ्यातून जाते, कुणाच्या गोठ्यातून जाते, एकाच वाटेला दोनदा आडवी जाते. ब्रेक्झिटनंतर लंडन आणि डब्लिन दोघांनी जगाला वचन दिले होते की सरहद्दीवर कसलीही खूण दिसणार नाही, आणि ती दिसत नव्हती. वळणावर युजीनच्या मोबाइलवर 'युनायटेड किंग्डममध्ये स्वागत' असा संदेश आला. तसा तो त्याला महिन्यातून दोनदा स्वतःच्या न्हाणीघरातही येई. त्याने लक्ष दिले नाही.

ह्यूईची मुलगी अट्रॅक्टा सँडविचचा थाळा घेऊन दारातच उभी होती.

"फार वाईट झालं, बाई," युजीन तिचा हात हातात घेऊन म्हणाला.

"एक्क्याण्णव म्हणजे काही अवेळी नाही. वाईट झालं ते या पाणंदीपायी. शववाहिकेचा सायलेन्सर गळून पडला. बाबा पेटीत तीनदा उसळले. धाकटा भाऊ ओरडला, 'थांबा, म्हातारा उठतोय!'"

"कुणाला सांगितलं नाही का?"

"अकरा वर्षं अर्ज करतेय."

युजीनला आपल्या कौन्सिलची मनापासून लाज वाटली. मग त्याने स्वयंपाकघरावर नजर फिरवली आणि चहाचे कप मोजले. तेवीस. कपामागे एक मत धरले तर मागच्या खेपेच्या आघाडीच्या दुप्पट. त्याने ह्यूईच्या पेटीच्या कडेवर हात ठेवला.

"महिनाअखेर इथं डांबर पडेल. ह्यूईच्या साक्षीनं सांगतो."

खोलीतली कुजबूज थांबली. अट्रॅक्टाने त्याला खालून वर न्याहाळले.

"तुम्ही? तुम्ही करणार?"

"मी नाही तर कोण?"

"बरं. आमचं काय, कुणी का करेना," अट्रॅक्टा म्हणाली आणि तिने त्याच्या बशीत आणखी दोन सँडविच ठेवली.

प्रभागातल्या लहान रस्त्यांसाठी त्या वर्षी चारशे मीटरचे डांबर शिल्लक होते. युजीनने इंजिनिअरच्या मागे लागून ते टलीनॅशसाठी मिळवले. रस्त्याच्या टोळीचा मुकादम पॅकी फीली पाणंदीच्या वळणावर गाडी थांबवून उभा राहिला.

"युजीन, या वळणापुढं मला एकतीस वर्षांत कुणी पाठवलेलं नाही."

"म्हणून तर खड्डे आहेत! ते शेवटचं पांढरं घर दिसतंय ना, तिथपर्यंत टाक."

"नकाशा आणलायस का?"

"नकाशा कशाला? मी उभा आहे ना इथं."

पॅकीने खांदे उडवले. काउन्सिलरशी वाद घालून आजवर एकही रस्ता सपाट झालेला त्याने पाहिला नव्हता. ऊन चांगले पडले होते, खडी वेळेवर आली, अट्रॅक्टाने टोळीला दोनदा चहा आणि गरम स्कोन दिले. संध्याकाळी रोलर थांबला तेव्हा पाणंद काळ्या रेशमी फितीसारखी चमकत होती. युजीनने हातात फावडे घेऊन फोटो काढून घेतला आणि खाली लिहिले, 'शब्द दिला, शब्द पाळला.'

दुसऱ्या दिवशी बर्नी मतदार यादी घेऊन पाकिटांवर पत्ते घालत बसली होती.

"युजीन, टलीनॅशला गिलगन एकही नाही यादीत."

"नीट बघ. तेवीस आहेत."

"एकही नाही. ते पांढरं घरही नाही."

युजीनने अट्रॅक्टाला फोन लावला.

"बाई, तुम्ही मतदान करता ना?"

"करते की. एकदाही चुकवलं नाही."

"छान, छान. कुठं करता?"

"शाळेत. आमच्या इकडे, फर्माना काउंटीत."

"फर्मानात." युजीन खुर्चीवर बसला. "म्हणजे उत्तरेत."

"मग काय दक्षिणेत? वळणापर्यंत तुमचं, पुढं आमचं."

"मग बाई, त्या दिवशी बोलला का नाहीत?"

"बोलणार होते," अट्रॅक्टा म्हणाली. "पण तुम्ही इतक्या मनापासून बोलत होता, आणि बाबाही समोर होते."

दुपारी रेडिओवर इव्हर क्रोझियरचा आवाज आला. इव्हर हा सरहद्दीपलीकडचा युनियनिस्ट काउन्सिलर, ब्रिटनशी नाते तसूभरही सैल होऊ नये यासाठी रात्रंदिवस जागा.

"परक्या सरकारनं ब्रिटिश भूमीवर चारशे सदतीस यार्ड डांबर घातलंय!" तो गरजला. मीटर हे माप तो उच्चारत नसे. "राजेसाहेबांना विचारलं नाही, संसदेला विचारलं नाही. आज पाणंद घेतली, उद्या हमरस्ता घेतील. माझी मागणी एकच, ते डांबर उखडा!"

शनिवारी युजीन पबच्या मागच्या खोलीत लोकांच्या तक्रारी ऐकायला बसला, तेव्हा रांग दारूच्या काउंटरपर्यंत गेली होती. पहिल्या होत्या कॅरिकबॉनच्या मिसेस टिमनी.

"मी घर विकतेय," त्या म्हणाल्या.

"का हो?"

"परदेशात राहायला जाते. म्हणजे तू माझा रस्ता करशील."

"मिसेस टिमनी, ती चूक झाली..."

"आमच्या पाणंदीत चौदा मतं आहेत, युजीन. टपालवाला खाली कोपऱ्यावरच पत्रं ठेवून जातो. चूकच करायची होती तर आमच्याकडं करायचीस."

मागची सगळी रांग हसली, आणि त्या हसण्यात युजीनला आपली खुर्ची सरकल्याचा आवाज ऐकू आला. प्रभागाचे डांबर परक्या मुलखात ओतणाऱ्या माणसाला कोण मत देणार?

तेवढ्यात प्रकरण वर गेले. डब्लिनहून फोन आला, "काही बोलू नका." उत्तरेच्या कारभाराचे दोन अधिकारी बेलफास्टहून आले, डांबरावर बोट दाबून पाहिले आणि चांगले झाले आहे असे खासगीत म्हणाले. डांबर उखडायचे का, यावर आठ पानी टिपण तयार झाले. त्याचा सारांश असा होता: पलीकडचे डांबर उखडले तर नेमक्या सरहद्दीवर काळ्या रस्त्याची कड आणि चार बोटांची पायरी तयार होईल. म्हणजे सरहद्द दिसू लागेल. सरहद्द दिसता कामा नये असे दोन्ही सरकारांनी लिहून दिलेले आहे. सबब डांबर ठेवता येत नाही आणि काढताही येत नाही. टिपण दोन्ही राजधान्यांत फार वाखाणले गेले.

शनिवारनंतर चौथ्या दिवशी युजीनला निरोप आला. गुरांच्या बाजारातल्या उपाहारगृहात, अगदी मागच्या टेबलावर, एकट्याने यावे. इव्हर क्रोझियर टोपी डोळ्यांवर ओढून मटणाचा रस्सा खात बसला होता.

"बस, मॅकमॉरो. आणि तोंड भिंतीकडं कर. मला तुझ्यासोबत कुणी पाहिलं तर मी संपलो."

"मी तर आधीच संपलोय. डांबर उखडणार म्हणून गर्जना करत होतास ना? उखड की."

इव्हरने चमचा खाली ठेवला. "त्या पाणंदीच्या टोकाला वेस्ली नोबल राहतो, माहीत आहे?"

"कोण हा?"

"आमच्या लॉजचा, राजनिष्ठांच्या मंडळाचा म्हातारा. चाळीस वर्षं मिरवणुकीत झेंडा धरतोय. काल घरी आला माझ्या. म्हणतो, 'इव्हर, चाळीस वर्षांत पहिल्यांदा माझ्या ट्रॅक्टरवर माझी कंबर दुखली नाही. त्या डांबराला हात लावलास तर झेंड्याची काठी कुठं ठेवायची ते मी दाखवीन.'"

युजीनला हसू आवरेना. "मग गप्प बस."

"गप्प कसा बसू? रेडिओवर बोललोय मी! काहीतरी उत्तर दिलंच पाहिजे." इव्हर पुढे झुकला. "तुम्ही आमच्यात घातलंत, आम्ही तुमच्यात घालतो. तोडीस तोड. चारशे सदतीस यार्ड. एक इंच जास्त नाही."

युजीनने त्याच्या बशीतला बटाटा उचलून तोंडात टाकला आणि सावकाश चावला.

"तुमच्या रस्तेवाल्यांकडं अकरा वर्षं डांबर नव्हतं म्हणे."

"खड्ड्यांसाठी नव्हतं. अपमानासाठी आहे."

"कुठली पाणंद घेणार?"

"तू सांग. पण मी आलो की तू रेडिओवर बोंब मारायचीस. चांगली, पोटातून."

"कॅरिकबॉन," युजीन म्हणाला. "बोंब मारायला मला शिकवू नकोस."

पुढच्या मंगळवारी उत्तरेचे दोन डंपर आणि एक रोलर सरहद्द ओलांडून कॅरिकबॉनला आले. युजीन रेडिओवर अशा काही आवेशात बोलला की बर्नीने घाबरून त्याच्यासाठी पाणी आणून ठेवले. "आमच्या पवित्र मातीवर ब्रिटिश डांबर!" तो म्हणाला. "इतक्या वर्षांच्या स्वातंत्र्यानंतर! मी हे सहन करणार नाही!" सहन करणार नाही म्हणून तो नेमका कॅरिकबॉनपासून बारा मैल दूर जाऊन बसला, म्हणजे कामात व्यत्यय नको. संध्याकाळी इव्हरनेही फावडे घेऊन फोटो काढला. शेजारी मिसेस टिमनी होत्या आणि त्यांच्या हातात फळांचा केक होता.

गंमत अशी की दोन दिवसांत हवा फिरली. प्रभागभर लोक हिशेब करू लागले. युजीनने तिकडे चारशे मीटर घातले, इकडे चारशे मीटर आले. एका डांबरात दोन रस्ते. आपल्या कुठल्या काउन्सिलरने ब्रिटिश सरकारला कामाला लावले होते? लोकांनी त्याला दारात थांबवून विचारायला सुरुवात केली की पुढचा हल्ला कधी आहे, आणि आमच्या पाणंदीवर प्रतिहल्ला करवता येईल का. एकाने तर डब्लिनचा झेंडा उत्तरेच्या बाजूला नेऊन लावला आणि आपल्या दारच्या खड्ड्याशेजारी खुर्ची टाकून प्रतिहल्ल्याची वाट पाहत बसला.

मोजणी क्रीडा संकुलात दोन दिवस चालली. शेवटच्या जागेसाठी युजीन आणि एक तरुण वकील उरले होते. कठड्याला पोट टेकून, हातात पेन्सिली घेऊन दोन्हीकडचे लोक प्रत्येक मतपत्रिकेवर मान वाकडी करून पाहत होते. रात्री जेवणवेळेला निर्वाचन अधिकाऱ्याने आकडा सांगितला. युजीन नऊ मतांनी पुढे.

"बाद मतं परत बघा," वकील म्हणाला.

बाद पत्रिकांचा गठ्ठा टेबलावर आला. कुणी नावांपुढे पसंतीक्रमाच्या आकड्यांऐवजी शिव्या लिहिल्या होत्या, कुणी गाढव काढले होते. आणि मग कॅरिकबॉनच्या पेटीतल्या एकामागून एक चौदा पत्रिका निघाल्या. प्रत्येकीत उमेदवारांच्या नावांखाली मोकळ्या जागेत पेन्सिलीने, सुवाच्य अक्षरात, एक नाव जास्तीचे लिहिलेले होते: इव्हर क्रोझियर. त्याच्यापुढे एक हा आकडा. आणि छापील नावांत युजीन मॅकमॉरोपुढे, सौजन्य म्हणून, दोन.

"यांचं काय करायचं?" मदतनीस बाईने विचारले.

"जो उमेदवारच नाही त्याला पहिली पसंती. बाद," अधिकारी म्हणाला. त्याने ती पत्रिका पुन्हा वाचली. "अक्षर मात्र छान आहे."

चौदाही बाद झाल्या, नऊ मतांची आघाडी कायम राहिली. पॅकी फीली आणि त्याच्या टोळीने युजीनला खांद्यावर उचलले, हॉलभर फिरवले आणि बर्नीने त्याच्या टायला धरून त्याला खाली ओढून मिठी मारली.

गर्दी पांगल्यावर दाराजवळ टोपी ओढून उभा असलेला माणूस पुढे आला.

"अभिनंदन, मॅकमॉरो," इव्हर म्हणाला. "बाहेर कुणीतरी काहीतरी सांगत होतं. माझं नाव लिहिलं म्हणे."

"चौदा जणांनी. तू निवडणुकीला उभा नव्हतास, तू या देशातला नाहीस, आणि माझ्याच लोकांनी मला तुझ्याखाली दोन नंबर दिला."

"चौदा." इव्हरने घसा खाकरला. "बाद?"

"सगळी."

"पण पहिल्या पसंतीची?"

"हो बाबा, पहिल्या पसंतीची."

इव्हरने डावीकडे पाहिले, उजवीकडे पाहिले, युजीनला कोपरापाशी धरून भिंतीकडे नेले आणि आवाज अगदी खाली आणला.

"युजीन, तुमच्याकडं उमेदवारी अर्ज कधी भरतात?"

"पाच वर्षांनी. पण त्याला इथं राहावं लागतं, इव्हर."

"लागत असेल," इव्हर म्हणाला. "त्या केकवाल्या बाई घर विकणार होत्या ना, त्यांचं काय झालं?"