पुरं काढलं की उठतंय

आमच्या हिमायतनगरच्या बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर बिलोलीकर सर राहतात. रिटायर्ड ड्रॉइंग मास्तर. सापाचे ते दोन तुकडे काढतात, विंचवाची नांगी गाळतात, आणि सिंहाला मागचे पाय द्या म्हटलं तर त्यांना घाम फुटतो.

हे खूळ इजिप्तचं. तिथल्या जुन्या थडग्यांत अंगावर येणारी जनावरं कधीकधी मुद्दाम अर्धीच ठेवायचे, आत निजलेल्या माणसाला त्रास नको म्हणून. सरांनी हे कुठंतरी वाचलं आणि आम्ही सगळे सापडलो.

"पुरं काढलं की उठतंय, ताई."

माझ्या लेकीच्या शाळेच्या चार्टवर त्यांनी असाच अर्धा सिंह पाठवला. टीचरने विचारलं, "पीछे का हिस्सा किधर गया?" मी तणतणत वर गेले, तर सर शांतपणे म्हणाले, "वर्गात साठ लेकरं हैत. सुटला असता म्हणजे?"

गच्चीच्या दारावर त्यांनी बिनहाताचं माकड काढलं, टाकीचं झाकण वाचावं म्हणून. दुसऱ्याच दिवशी माकडांनी झाकण पळवलं.

"ही माकडं दुसरी," सर म्हणाले.

काकू, म्हणजे त्यांची बायको, या सगळ्याला पोट धरून हसायच्या. गेल्या वर्षी त्या गेल्या.

मग सरांनी हॉलची भिंत धरली. थडग्यातल्यासारखंच चित्र. लव्हाळ्याची होडी, उडणारी बदकं, पाण्यात पाणघोड्याचं नुसतं डोकं. पुढे काठी उगारलेले सर, मागे कमळ धरलेल्या काकू. नाकात तीच चमकी. पण काकूंना पावलं नव्हती. साडीच्या काठाखाली कोरी भिंत.

वर्षश्राद्ध आठवड्यावर आलं तशी सिकंदराबादच्या त्यांच्या मुलीने मला गळ घातली, "वहिनी, पाहुणे यायच्या आत बाबांना चित्र पुरं करायला सांगा हो. बिनपायांची आई मला बघवत नाही."

मी गेले. नेहमीसारखं चिडवत म्हटलं, "सर, काकू काय कुणाच्या अंगावर येणार होत्या? काढा की पावलं."

ते पाण्यात ब्रश ढवळायला लागले.

"ताई, तिला पुरं काढलं, अन् तरी नाही उठली तर?"

मला रडू आलं, म्हणून चहाचं निमित्त करून स्वयंपाकघरात गेले. घरी येऊन त्यांच्या मुलीला फोन केला. काहीच ठरलं नाही म्हटल्यावर तिने विचारलं, "मग पाहुण्यांना काय सांगू?"

"सांग," मी म्हटलं, "बाबा अजून काढायलेत म्हणून."