चोगलेकाकांची पोफळ

चोगलेकाकांच्या घरात कूलर एकच, आणि त्याचं तोंड कायम झाडाकडे. जयपूरच्या मे महिन्यात लू सुटली की हा माणूस ओली गंजी घालून पंख्याखाली बसायचा आणि कुंडीतला पाम कूलरसमोर गारव्यात डुलायचा. वर मलाच ऐकवायचे, "आपलं काय, घाम येतो नि निभतं. तिला सोसत नाही."

काका पार्सल ऑफिसात होते. रेल्वे क्वार्टरमध्ये आमची भिंतीला भिंत, त्यामुळे मला सगळं ऐकावं लागे. पाणी घालण्याआधी ते मातीत बोट खुपसत. "दोन पेरं कोरडी लागली तरच पाणी." तेही नळाचं नाही. इथल्या खाऱ्या पाण्यानं पानांची टोकं जळतात म्हणून पावसाचं पाणी पिंपात साठवलेलं. आम्ही खाऱ्या पाण्यात डाळ शिजवायची आणि ह्या बाईसाहेबांना पावसाचं. एकदा मी त्यातलं तांब्याभर घेतलं, तर काका दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

त्यातून तिला पाम म्हटलेलं खपायचं नाही. "पोफळ म्हणा."

झालं होतं असं. बनी पार्कच्या नर्सरीतला माळी म्हणाला, "अरेका है, साहब." काकांनी शाळेत सुपारीचं शास्त्रीय नाव अरेका असं घोकलेलं. काका मूळचे श्रीवर्धनचे. काकू तिकडे सुपारीची वाडी सांभाळायच्या. जिथं पोफळ होत नाही तिथं मी येऊन काय करू, असं त्यांनी साफ सांगितलेलं. काकांनी कुंडी घेतली आणि त्याच दिवशी काकूंना कळवून टाकलं, "इथं पोफळ लावली आहे."

तोवर काकूंचं पत्र म्हणजे दोन ओळी, सर्व कुशल, पाऊस बरा. आता चार-चार पानं यायला लागली. शेणखत कधी घाला, मुळाशी पाणी साचू देऊ नका. काका ती मला वाचून दाखवत, तेही मी विचारलं नसताना.

मग माझा भाऊ अलिबागहून आला. कुंडी बघून हसायलाच लागला. "ताई, पोफळ एका खोडाची असते. हिला तर दहा फुटलीत. हा शोभेचा पाम, ह्याला सुपारी कसली धरतेय?"

मला कुठला धीर निघतोय. लगेच जाऊन सांगितलं.

काका शांतपणे म्हणाले, "वाडीत जन्मलोय मी. दुसरा कोंब आला तेव्हाच कळलं."

"मग काकूंना कळवा की."

"कळवलं की पुन्हा दोन ओळी."

मला फार वाईट वाटलं. उगाच बोलले असं झालं.

आणि नवरात्रात काकूंचं पत्र आलं, पोफळ बघायला येते. काकांचं जेवण सुटलं. मला म्हणतात, "तुम्ही सांगा, उत्तरेत ती अशीच फुटते." मी म्हटलं, मला नाही बाई असलं जमायचं.

काकू आल्या. मी चहा घेऊन गेले तेव्हा पदर खोचून कुंडीपुढे उकिडव्या बसल्या होत्या.

"ही पोफळ नव्हे," त्या म्हणाल्या.

"नव्हे," काका म्हणाले.

"नवे कोंब आले म्हणून लिहिलंत, तेव्हाच ओळखलं मी. पोफळीला कधी असे कोंब येतात?"

"मग इतकी पानं कशाला लिहीत होतीस?"

काकूंनी एक पिवळं पान हलकेच खुडलं. "तुम्ही तरी ह्या झाडाआधी मला कधी दोन ओळींच्या वर लिहिलं होतंत?"

कधी नव्हे ते मी चहा तिथंच ठेवून गुपचूप घरी आले.