वेळेवर आलेली वरात

अर्पिताचं लग्न चार दिवसांवर आलं असताना विद्यापीठानं पुढं ढकललेल्या पेपरची नवी तारीख जाहीर केली, आणि ती नेमकी लग्नाचीच निघाली. पेपर कॉम्प्लेक्स अनालिसिसचा. एम.एस्सी.चा तेवढा एकच विषय तिचा राहिला होता. तो सुटला तर पुसदच्या एका ज्युनिअर कॉलेजात गणिताची जागा तिची होती. नाही सुटला तर दुसऱ्या कोणाची.

"पोराकडच्या पाहुण्याइले अजिबात सांगायचं नाही," तिची आई तानाबाई म्हणाली. "हळदीची पोरगी पेपर द्याले गेली म्हटलं तं लोकं तोंडात शेण घालतीन."

"मंग पेपर सोडू?" अर्पितानं विचारलं.

यावर बोलला तो गुणवंत मामा. फुलसावंगीचा हा मामा पन्नाशीला आला तरी त्याच्या खोड्या पंधराव्या वर्षीच अडकल्या होत्या. महागाव तालुक्यात कुठल्याही लग्नात नवरदेवाचे जोडे गायब झाले, की लोक आधी मामाच्या गाडीची डिक्की उघडून पाहत.

"मुहूर्त कितीचा हाये, बाई?" त्यानं बहिणीला विचारलं.

"बारा दहा."

"म्हंजे अडीच. आपल्या इकडं मुहूर्तावर लग्न लागलेलं तू कधी पाह्यलं काय? वरात स्टँडवर नाचते, मंग चौकात नाचते, मंग कोणीतरी रुसते. पेपर साडेबाराले सुटते. पुसदहून महागाव पाऊण घंटा. पोरगी येऊन, नटून, वरून वरातीची वाट पाहत बसन."

हिशेब सगळ्यांना पटला. उशीर गृहीत धरायला कोणाला काही शिकवावं लागत नाही.

त्या दुपारी मामा भाचीशेजारी येऊन बसला. तिनं कागदावर एक आडवी रेघ आणि तिच्यावर मोठं अर्धं वर्तुळ काढलं होतं.

"हे काय करून राह्यली?"

"रेघेवरून सरळ उत्तर काढाले गेलं तं निघत नाही, मामा. म्हणून वरून अशी फेरी मारून परत यायचं. त्या फेरीच्या आत जे वाकडे बिंदू सापडतात, त्यातल्या एकेकाचा रेसिड्यू काढायचा. त्याइची बेरीज केली की उत्तर."

मामा खूश झाला. "म्हंजे सरळ रस्ता सोडून लांबून जायचं, अन् वाकड्याइले धरून काम करून घ्यायचं. हे तं मी बिनशिकता करतो वं."

लग्नाच्या दिवशी सकाळी हळदीचे हात ओढणीत लपवून अर्पिता मामाच्या गाडीत बसली. हळद लागल्यावर लोखंडाशिवाय बाहेर पडू नये म्हणून तानाबाईनं तिच्या मुठीत अडकित्ता दिला. तो परीक्षेच्या खोलीच्या दारात पकडला गेला.

"इथं साधा कॅलक्युलेटर चालत नाही," सुपरवायझर बाई म्हणाल्या, "अन् तू अडकित्ता घेऊन आलीस?"

अडकित्ता मामाकडे आला. मामा बाहेर निंबाखाली सुपारी कातरत बसला. सगळं ठरल्याप्रमाणे चाललं होतं, म्हणून त्याला थोडा कंटाळाही आला होता. बारा वाजायला आले तेव्हा तानाबाईचा फोन आला.

"गुणवंता, वरात आली."

"स्टँडवर?"

"दारात. नाचलेच नाही ते."

"नाचले नाही म्हंजे? पोट्टे नाही काय त्याइच्याकडं?"

"हायेत. पण डीजेवाल्यानं एक गाणं लावलं अन् लगेच बंद केलं. नवरदेवाचा बाप इष्टीत ड्रायव्हर होता म्हणे. दारात उभा राहून घड्याळ पाहून राह्यला. आता काय करू?"

मामानं काय करायचं ते ताबडतोब केलं. मांडवात फेटे बांधण्याचं काम त्याचा दोस्त धावजी राठोडकडे होतं. मामानं त्याला फोन लावला.

"धावजी, नवरदेवाच्या बहिणीचा नवरा कोणता, पाह्यला काय?"

"तो गॉगलवाला. कपिलराव."

"त्याले सोडून सगळ्याइले फेटा बांध."

"काहून? चिडन ना तो."

"म्हणूनच बांधू नको. अन् त्याच्या डोळ्यासमोर डीजेवाल्याले बांध."

पाचेक मिनिटांनी धावजीचा फोन आला. "रुसला. जाऊन गाडीत बसला, काच वर केली. म्हणते, मी आता उतरत नाही."

इथं मामानं निवांत बसायला हवं होतं. त्याच्या आयुष्यात खोडी वाया गेली नव्हती. पण तानाबाईचा पुन्हा फोन आला. "भटजी अंतरपाट हातात घेऊन उभे हाये. पोरगी दिसली नाही तं माझी इज्जत राह्यते काय?" ती रडत होती. बहिणीचं रडणं ऐकलं आणि मामाचा स्वतःच्या खोडीवरचा भरवसा उडाला.

तो खिडकीशी गेला. आत अर्पिता मान खाली घालून लिहीत होती. मामानं ढोल वाजवल्याचा हातवारा केला. मग मुंडावळ्या बांधल्याचा. मग घड्याळ दाखवलं. सगळा वर्ग त्याच्याकडे पाहू लागला, तेव्हा अर्पितानंही पाहिलं. तिनं एकदा पेपरकडे पाहिलं, एकदा खिडकीकडे. मग उठली आणि पेपर देऊन टाकला. त्याच्या कडेला हळदीचा अंगठा उमटला होता.

"किती राह्यलं?" गाडी सुरू करताना मामानं विचारलं.

"शेवटचा प्रश्न. दोन रेसिड्यू होते. एक काढला, दुसरा राह्यला."

"मंग अर्धे मार्क तं देतीनच."

"देतीन काही." ती काचेबाहेर पाहत म्हणाली. "पास व्हाले तो पुरा पाह्यजे होता, मामा."

मांडवात पोचले तेव्हा पाऊण वाजून गेला होता. मैत्रिणींनी अर्पिताला शालू गुंडाळला आणि खुर्चीत बसवलं. पण लग्न काही लागेना. कपिलराव गाडीतून उतरत नव्हते. नवरदेवाचा बाप घड्याळ खिशात टाकून विनवून आला. अर्पिताचे वडील मारोतराव हात जोडून आले.

"ज्या मांडवात डीजेवाला जावयापेक्षा मोठा, तिथं माझं काय काम?" अर्धी काच खाली करून कपिलराव म्हणाले.

शेवटी मामा स्वतः गेला. घाबरून त्यानं दोन फेटे नेले.

"दोन कायले? मी रावण हाओ काय?" कपिलराव म्हणाले, आणि काच पूर्ण वर गेली.

एक वाजला. दीड वाजला. दोन वाजले. लोक जेवून घ्यायला लागले. मामा नवरीच्या खोलीत डोकावला. अर्पिता स्वतःच्या लग्नाच्या पत्रिकेमागं भुवया रंगवायच्या पेन्सिलीनं काहीतरी लिहीत होती.

"काय हाये?"

"तोच प्रश्न."

"निघालं?"

"निघालं. पाय भागिले रूट टू. दहा मिनिटाचं काम होतं."

"बरोबर हाये ना?"

"बरोबरच हाये." तिनं पत्रिका त्याच्या हातात दिली. "आता तपासाले कोणाले देऊ?"

मामानं पत्रिका उलटीसुलटी करून पाहिली आणि खिशात घातली.

लग्न लागलं अडीचला. नवरदेव अतुल स्वतः गाडीपाशी गेला आणि त्यानं आपल्या डोक्यावरचा फेटा कपिलरावांच्या डोक्यावर ठेवला, तेव्हा कुठं ते उतरले. मामानं सांगितलेली वेळ एका मिनिटानंही चुकली नव्हती. पण हे त्याला कोणी म्हटलं नाही आणि त्यानंही तो विषय काढला नाही.

निरोपाच्या वेळी अतुल मामाच्या पाया पडला आणि हळूच म्हणाला, "मामाजी, माफ करा. माझ्याकडून मी लय कोशिश केली."

"कायची?"

"अर्पिताचा आज दुपारी पेपर होता ना? नवी तारीख मले कॉलेजच्या ग्रुपवर दिसलती. म्हटलं, मुहूर्तावर लग्न लागलं तं मीच तिले दोन वाजेलोक पुसदले नेतो. म्हणून डीजे बंद करायले लावला, पोट्ट्याइले नाचू देल्लं नाही. ते पाहा, गाडीबी वेगळी उभी ठेवलती. पण भाऊजी नेमके आजच रुसले."

अर्पितानं शालूचा पदर सावरला. "जुना टाइम दुपारचा होता. नवा सकाळचा होता."

"मंग मले सांगायचं ना."

"तुमी तरी सांगायचं."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि मग दोघांनी मामाकडे पाहिलं. मामा अडकित्त्याकडे पाहत होता.

निकाल लागला. अर्पिता थोडक्यात राहिली, त्या दुसऱ्या रेसिड्यूएवढीच. ज्युनिअर कॉलेजातली जागा भरली गेली. हिवाळी परीक्षेचा फॉर्म अतुलनं भरून आणला, आणि मामाला तिनं किंवा घरात कोणी एक वाईट शब्द ऐकवला नाही, हेच त्याला सहन होईना.

पत्रिका अजून मामाच्या डिक्कीत आहे. पुढच्या बाजूला मुहूर्त, बारा दहा. मागच्या बाजूला बरोबर आलेलं उत्तर.

परवा धावजी त्याच्याकडे आला. पोरीच्या साखरपुड्याच्या दिवशीच तिची प्रॅक्टिकल परीक्षा आली होती. "पाहुण्याइले थांबवायचं हाय, गुणवंता. सांग काहीतरी मस्तपैकी."

मामानं हातातली सुपारी कातरून संपवली. मग म्हणाला, "त्याइले फोन कर. अन् सरळ सांगून टाक."

धावजीनं त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला.