कुशल, अकुशल आणि गावंडे सर

गावंडे सर माणसाचं नाव विचारण्याआधी त्याचा वर्ग सांगून मोकळे होत. एका लग्नाच्या पंगतीत नवरदेवाकडे नजर टाकून ते शेजारच्या पाहुण्याला म्हणाले, "अर्धकुशल हाये." पाहुणा नवरदेवाचा बाप निघाला. त्या पंगतीत सरांच्या पानावर जिलेबी दुसऱ्यांदा पडली नाही.

अमरावतीच्या एकाच कॉलेजात आम्ही होतो. ते अर्थशास्त्र शिकवत, मी मराठी. मला त्यांनी पहिल्याच दिवशी अकुशल ठरवलं आणि वर प्रेमानं चहा पाजला. साठ सालानंतरच्या त्या दिवसांत त्यांच्या शास्त्रात नवं वारं आलं होतं. जमीन, यंत्रं आणि पैसा यांनाच भांडवल मानणारे पंडित आता शिकलेल्या माणसालाही भांडवल म्हणू लागले होते. सरांना ते इतकं पटलं की त्यांनी त्यावरच प्रबंध लिहायला घेतला.

पण संशोधनातही लुगड्यांसारखी फॅशन बदलते. कोण किती शिकलं हे सरांचं विचारून होतं न होतं, तोच परदेशी मासिकात आलं की हातातलं कसबही धरा. सर बडनेऱ्याच्या गॅरेजात जाऊन फिटरांना "कोनापासून शिकले?" असं विचारत फिरले. ते संपतं तोच आरोग्याची टूम निघाली. मग सर स्टाफरूममध्ये आम्हाला जीभ दाखवायला लावू लागले. कोणी कुरकुरलं की म्हणत, "भांडवल पाहून राहिलो, भाऊ."

प्रबंध पुरा झाल्याशिवाय विभागप्रमुख होता येणार नव्हतं, आणि सरांना ती खुर्ची मनापासून हवी होती. अखेर सही करण्याआधी सगळं एकदा बघायला त्यांचे मार्गदर्शक नागपूरहून घरी आले. जेवायला मीही होतो. सरांचं लग्न झालेलं नव्हतं. घर थोरली बहीण मैनाबाई सांभाळत; सरांना त्या बापू म्हणत. त्या भाकरी वाढत असताना मार्गदर्शकांनी थट्टेनं विचारलं, "काय गावंडे, या कोणत्या वर्गात? कुशल की अकुशल?"

मैनाबाईंना वाटलं, पाहुणे खुशाली विचारताहेत. पदर सावरून त्या म्हणाल्या, "कुशल हाये जी. बापू हाये ना पाठीशी."

मार्गदर्शक हसले. मग गंभीर होऊन त्यांनी सांगितलं की प्रबंधात मोजलेल्या घरातल्या बायका कमावत नाहीत, म्हणून त्या अनुत्पादक. त्यांना प्रबंधातून वगळा, तेवढी दुरुस्ती झाली की सही करतो.

मैनाबाई आत गेल्यावर सर हळू आवाजात म्हणाले, "मायबाप गेले तवा तिनं शाळा सोडली. अकोल्याले मी शिकलो तो तिनं वेचलेल्या कापसावर. तिले वगळलं तं मी कोठून आलो म्हनून सांगू, सर?"

शास्त्रात भावना चालत नाहीत, असं उत्तर आलं. सरांनी दुरुस्ती केली नाही आणि सही झाली नाही. पुढे त्या खुर्चीवर त्यांचाच एक विद्यार्थी बसला. सर त्याला मुकाट्यानं 'साहेब' म्हणू लागले. मला त्यांचा राग यायचा आणि अभिमानही वाटायचा.

मैनाबाईंना यातलं काहीच कळलं नाही. देवळात भेटेल त्या बाईला त्या सांगत, "नागपूरचे एवढे मोठे सायेब, पन खास माही खुशाली विचाराले घरी आले."

सर जवळ असले तर मान डोलावत. म्हणत, "हाओ, त्याच्याचसाठी आले होते ते."