गजभिये आणि शेवटचे पान

सत्त्याहत्तर सालच्या फेब्रुवारीत, नरखेड तालुक्यातल्या एका लहान दवाखान्यात, तुळशीराम गजभिये रांगेत सर्वांत शेवटी उभे राहून खोकले. कंपाउंडर धोट्यांनी त्यांना खुर्ची दिली, चहा दिला. थुंकी तपासायला घेतली नाही.

गजभिये नागपुरात माझे शेजारी. आमच्या दोन घरांत एकच भिंत. खेड्यांतल्या दवाखान्यांत टीबीच्या रोग्यांची व्यवस्था नीट होते की नाही, हे पाहणे ही त्यांची नोकरी. बाकीचे तपासनीस जीपने जात आणि कागद पाहत. गजभिये मळके धोतर नेसून, तोंडाला दुपट्टा गुंडाळून एसटीने जात आणि रोगी म्हणून रांगेत लागत.

"पंगत पयल्या पानावरून मोजाची नसते भाऊ," ते म्हणत. "शेवटल्या पानावर बसून पाहा."

हे ते अक्षरशः पाळत. लग्न कोणाचेही असो, शेवटच्या पंगतीतले शेवटचे पान गजभियेंचे. वडाभात तिथवर पोचला नाही, तर वधूपित्याला तिथल्या तिथे ऐकवत. पुढे आचारी त्यांच्यासाठी वेगळा डबा झाकून ठेवू लागले. गजभिये भडकले. "माह्यासाठी काहून ठेवला? उद्या तिथं दुसरा बसला तं?"

खोकल्याचा सराव रोज सकाळी होई. भिंतीतून सगळे ऐकू येई.

"हा बिडीचा. आन् हा टीबीचा. कळला फरक?"

"कळला जी," त्यांच्या पत्नी यमुनाबाई म्हणत. "आता दूध घेऊन या."

हळूहळू ही कीर्ती तालुक्यात पसरली. धोट्यांनी तोडगा काढला. खोकणारे कोणीही आले की खुर्ची आणि चहा.

"बायकाले बी?" एकदा त्या बाजूला गेलो असताना मी धोट्यांना विचारले.

"साहेबाचा भरवसा नाई. एखांद्या दिवशी लुगडं नेसून येईल."

ती खुर्ची पाहून गजभियेंनी त्या दवाखान्याला 'उत्तम' शेरा दिला. त्यांची स्वतःची थुंकी तिथे कोणी कधी घेतली नव्हती. चहा देता देता धोटे कानाशी पुटपुटत, "ओळखलं साहेब." ओळखले म्हणून आपली तेवढी राहिली, बाकीच्यांची घेत असतील, असे गजभिये धरून चालत.

त्या वर्षअखेरीच्या हिवाळ्यात भिंतीतून संध्याकाळीही खोकला येऊ लागला. यमुनाबाई आमच्याकडे आल्या. "भाऊ, हा सराव नोहे. हे खरंच खोकलून राह्यले."

मी गजभियेंना म्हटले, नागपुरातच तपासून घ्या.

"त्या दवाखान्याले मी उत्तम म्हनलो. आता सोतावर आलं तं दुसरीकडं काहून जाऊ?"

मी सोबत गेलो.

"वा साहेब!" धोटे म्हणाले. "यंदाचा खोकला एकदम अस्सल!"

गजभिये चहाचा कप धरून बसले. पुढच्या खुर्चीवर जवळच्याच वस्तीतल्या कौसाबाई होत्या. त्याही खोकत होत्या. त्यांच्याही हातात कप.

"बाई, थुंकी घेतली का तुही?"

"नाई गा. मागच्या खेपेले बी चहाच देला. लय गुनी कंपोंडर हाये बाप्पा."

गजभियेंनी कप खाली ठेवला. "धोटे, दोन डब्या आन. पयले इची, मंग माही."

"तुमची कायले साहेब?"

"आज मी दवाखाना तपासाले नाई आलो गा."

दोघांच्याही थुंकीत जंतू निघाले. 'उत्तम' हा शेरा गजभियेंनी स्वतःच्या हाताने खोडला. गोळ्या त्यांना नागपुरात घरामागे मिळाल्या असत्या. पण दर महिन्याला ते एसटीने तिकडेच गेले आणि कौसाबाईंच्या मागे रांगेत लागले.

एका महिन्यात कौसाबाई आल्या नाहीत. बरे वाटत होते, मग गोळ्या कशाला, असा त्यांचा हिशेब. गजभिये त्यांच्या ओट्यावर जाऊन बसले आणि खोकू लागले. खोटा, पण टीबीचा. सगळी आळी जमली.

"आली रे बाप्पा, आली!" कौसाबाई पदर सावरत बाहेर आल्या. "चूप राह्य आता."

उपचार दोघांचेही पुरे झाले. पुढच्या उन्हाळ्यात कौसाबाईंच्या नातीचे लग्न होते. आम्हा दोन्ही घरांना बोलावणे होते. शेवटची पंगत बसली तेव्हा गजभिये नेहमीप्रमाणे टोकाला गेले. तिथे कौसाबाई बसल्या होत्या.

"तिकडं सरक गा," त्या म्हणाल्या. "हे माहं पान हाये."

गजभिये अलीकडच्या पानावर बसले. वाढपी आला. वडाभात कौसाबाईंच्या पानापर्यंत पोचला.