अंजनाबाईंच्या माशांचा रंग कुठे गेला?

"रंगाचं मला कुणी शिकवू नये!" असं कुंडलिक म्हणायचा, तेव्हा त्याला अडवायच्या भानगडीत कुणी पडत नसे. कारण ते खरंच होतं. भांडुपच्या एका रंगाच्या कारखान्यात तो शेड जुळवायच्या कामाला होता. गिऱ्हाइकानं दाराचा एवढासा ढलपा आणून दिला, की कुंडलिक तो उन्हात धरणार, एक डोळा बारीक करणार, याचे चार थेंब, त्याचे दोन थेंब करत हुबेहूब तोच रंग डब्यात उतरवणार! कुणाकडे चहाला गेला तरी आधी कपात बघायचा. "दूध एक चमचा जास्त झालंय, वहिनी!" वहिनी पुन्हा बोलवत नसत, तो भाग वेगळा.

अशा या कुंडलिकच्या ताब्यात अंजनाबाईंनी आपले मासे दिले.

अंजनाबाई त्याच्या समोरच्या दारात राहायच्या. रिटायर्ड नर्स, एकट्या. मुलुंडच्या त्या सोसायटीतल्या प्रत्येकाच्या दंडावर त्यांनी कधी ना कधी सुई टोचलेली असल्यामुळे सगळे त्यांना वचकून होते. दोन वर्षांपूर्वी एका शेजाऱ्याची बदली झाली आणि तो जाताना माशांची काचेची टाकी त्यांच्या गळ्यात मारून गेला. शेपटीला तलवारीसारखं टोक असलेले चार तांबडेलाल मासे, आणि अंगावर काळे उभे पट्टे असलेले दोन एंजल. बाईंनी त्यांना असा जीव लावला की टाकीजवळ कुणी जोरात शिंकलेलं त्यांना खपत नसे.

"मी दीड महिना नगरला भावाकडे चाललेय," त्या म्हणाल्या. का, कशाला, हे विचारायची कुणाची टाप नव्हती. "चिमूटभर खाणं घालायचं. नळाचं पाणी दोन दिवस बादलीत ठेवून मगच टाकायचं. बाकी काही करायचं नाही. कळलं?"

"बाई, तुम्ही निर्धास्त जा! मासे आहेत त्यापेक्षा झकास करून ठेवतो!"

"ते नको. आहेत तसेच ठेव."

महिनाभर सगळं सुरळीत चाललं. मग बाईंचं कार्ड आलं, 'रविवारी सकाळी पोचते', आणि कुंडलिकला उत्साह चढला. घरी आणून ठेवलेली बाईंची टाकी म्हणजे अंधारकोठडी! काचांवर हिरवं शेवाळ, तळाला काळी वाळू, मागे भिंतीची सावली. एवढे देखणे मासे आणि राहतात तळघरात! त्यानं कारखान्यातल्या फिटरकडून लोखंडी अँगलची नवीकोरी टाकी करवून घेतली. मागच्या काचेला बाहेरून पांढरा एनॅमल मारला. साधासुधा नव्हे, कारखान्याचा सगळ्यात पांढरा! तळाला संगमरवराची पांढरी खडी. वर ट्यूबलाइट. मंगळवारी संध्याकाळी त्यानं जुनं-नवं पाणी मिसळून मासे त्यात सोडले आणि बायकोला हाक मारली.

"शकु, बघ! हॉटेलात राहिल्यासारखं वाटेल त्यांना."

"बाई म्हणाल्या होत्या ना, काही करायचं नाही म्हणून?" शकु म्हणाली.

"तुला रंगातलं काय कळतं!"

बुधवारी सकाळी कुंडलिक दात घासत टाकीपाशी आला आणि ब्रश तोंडात तसाच राहिला. तांबडे मासे उकडलेल्या गाजरासारखे दिसत होते! आणि एंजलच्या अंगावरचे पट्टे? गायब! सहाच्या सहा मासे कोपऱ्यात दाटीवाटीनं उभे, इंजेक्शनच्या रांगेत उभं राहिल्यासारखे.

त्यानं डोळे चोळले. माशांची काळजी नंतर! आपलाच डोळा गेला की काय? रंग जुळवणाऱ्या माणसाचा डोळा गेला म्हणजे सगळंच गेलं!

"शकु! तुझी साडी कसली आहे?"

"सुती."

"रंग गं, रंग!"

"जांभळी. अहो, बरं वाटत नाहीये का?"

साडी त्यालाही जांभळीच दिसत होती. म्हणजे डोळा शाबूत. मग रंग गेला कुठे? माशाच्या अंगातला रंग काही हवेत उडत नाही. पाण्यातच उतरला असणार! त्यानं टाकीतलं पाणी बाटलीत भरलं आणि कारखान्यात नेऊन प्रयोगशाळेतल्या जयवंतच्या टेबलावर ठेवलं.

"जरा बघ रे, यात तांबडा किती उतरलाय."

जयवंत कामाच्या गडबडीत होता. त्यानं मान डोलावली, बाटलीवर नंबर टाकला आणि बाटली रोजच्या नमुन्यांच्या रांगेत गेली. संध्याकाळी कुंडलिकच्या हातात छापील रिपोर्ट पडला : 'छटा: नाही. चकाकी: नाही. भिंत झाकण्याची ताकद: शून्य. वाळायला लागणारा वेळ: वाळल्यावर काहीच उरत नाही. माल नापास.'

"जयवंत, अरे हे पाणी आहे!"

"मग पास कसा करू यार?"

रंग पाण्यातही नव्हता! कुंडलिक घरी आला तो चक्रावूनच. जिना चढता चढता तो स्वतःशी पुटपुटला, "तरी पाण्यातच काहीतरी आहे. पाण्यानंच रंग खाल्ला." खालच्या मजल्यावरच्या सुगंधावहिनी पायपुसणं झटकत होत्या. त्यांनी ऐकलं. झालं!

गुरुवारी सकाळपर्यंत अख्ख्या सोसायटीत बातमी पसरली की नळाचं पाणी रंग खातं. सुगंधावहिनींची नवी साडी पहिल्याच धुण्यात फिकी पडली होती, तिचं कारण सापडलं. वरच्या मजल्यावरच्या धाकूशेठचे केस गेल्या दिवाळीपासून पांढरे व्हायला लागले होते, त्यांचंही कारण सापडलं! बायकांनी हंडे पालथे घातले. सात-आठ जण कुंडलिकच्या दारात येऊन थडकले.

"मासे दाखवा!" धाकूशेठ म्हणाले.

सगळे आत घुसले. आठ तोंडं एकदम काचेला चिकटली. मासे घाबरून मागच्या काचेला टेकले आणि सगळ्यांच्या देखत आणखी फिके पडले!

"बघा! आत्ता उडतोय रंग! आत्ता!" सुगंधावहिनी किंचाळल्या.

"पण हे बाईंचेच मासे कशावरून?" धाकूशेठना नवी शंका आली. "ते तांबडे विकले असतील आणि हे स्वस्तातले आणले असतील."

कुंडलिकला हे फार लागलं. बाई रविवारी येणार, आणि त्यांना हेच ऐकू येणार! तो चप्पल घालून जिन्यात आला. तिथे सरूबाई पाटी उतरवून बसली होती. ठाण्याच्या कोळीवाड्यातली कोळीण, गेली दहा वर्षं या सोसायटीला मासळी घालणारी. मासळीचं हिच्याइतकं कोणाला कळणार? कुंडलिक घाईघाईनं म्हणाला, "सरूबाई, मासा पांढरा का गं पडतो?"

सरूबाई कंबरेवर हात ठेवून उभीच राहिली.

"काय बोल्लास? माजा म्हावरा पांढरा? सकाली बंदरावरून आणलाय! कल्ले बघ! बघ ना, लालभडक हायेत का नाय?"

"अगं, तुझा नाही! घरातला!"

"घरातला? म्हंजी दुसरीकडून घेतास? दहा वर्सं मी जिना चडते, नि तू दुसरीकडून घेतास?"

शेवटी शकु बाहेर आली आणि तिला हाताला धरून आत घेऊन गेली. सरूबाईनं टाकीकडे पाहिलं. मग पांढऱ्या काचेकडे, पांढऱ्या खडीकडे, वरच्या ट्यूबलाइटकडे आणि आठ तोंडांकडे.

"पयले तुमी सगले भायेर व्हा!" तिनं फर्मावलं. कोयता पाटीत होता, तरी सगळे बाहेर झाले.

"लेप ठाऊक हाय ना? चपटा म्हावरा," ती कुंडलिकला म्हणाली. "रेतीत असला तर रेतीसारका दिसतो. चिकलात गेला का काला होतो. तवा मोटा मासा त्याला खात नाय. ही पोरं जीव मुठीत धरून लपतायत रे. तू सगला पांढरा केलास, मग ती बी पांढरी झाली. त्यात नवी जागा, नि तुमी सगले डोले वटारून बघताव!"

कुंडलिक थक्क झाला. तो जन्मभर डोळा बारीक करून भिंतीचा रंग जुळवत आला होता, आणि हे दीड बोटाचे मासे तेच काम अंगावर करत होते! तेही थेंब न मोजता!

"म्हणजे मागं काळं लावलं तर?"

"लावून बग."

त्यानं ट्यूबलाइट बंद केला आणि टाकीमागे काळी छत्री उघडून धरली. शकुनं जुन्या टाकीतली काळी वाळू खडीवर हलक्या हातानं पसरली. मग तिघंही जमिनीवर बसली. पाटीतली मासळी वाट बघत होती, सरूबाईची दुसरी घरं वाट बघत होती, पण उठायला कुणी तयार नव्हतं. अर्ध्या तासानं एंजलच्या अंगावर पेन्सिलीनं ओढल्यासारखी राखी रेघ उमटली. मग दुसरी.

"आली, आली!" कुंडलिक ओरडला.

"वरडू नको!" "ओरडू नका!" दोघी एकदम म्हणाल्या.

छत्री जन्मभर धरून बसता येईना, म्हणून शकुनं आपला जुना काळा परकर उसवून मागच्या काचेवर ताणून बांधला. कुंडलिकनं आल्यागेल्याला दारातूनच परत पाठवलं. शनिवारपर्यंत एंजलचे पट्टे शाईनं काढल्यासारखे काळेकुट्ट झाले आणि तांबडे असे तांबडे, की कुंडलिकनं कारखान्यातलं शेडकार्ड आणून शेजारी धरलं. कार्ड फिकं पडलं! सुगंधावहिनींनी हंडे भरले. धाकूशेठनी मात्र केस पाण्यानंच पांढरे झाले हा हट्ट सोडला नाही.

रविवारी अंजनाबाई आल्या. डोळ्यांवर हा एवढा जाड भिंगाचा चष्मा!

"मोतीबिंदू काढून आले," त्या म्हणाल्या. "दोन-तीन वर्षं सगळं धुक्यात होतं. कुणाला बोलले नाही. नर्सला दिसत नाही म्हटल्यावर इंजेक्शन कोण घेणार?"

कुंडलिकचा हात आपोआप दंडावर गेला. पण तो अभिमानानं बाजूला सरला. "बघा बाई, तुमचे मासे!"

बाई टाकीपाशी वाकल्या. उजवीकडून बघितलं. डावीकडून बघितलं. चष्मा पुसला आणि पुन्हा बघितलं. मग सावकाश सरळ झाल्या.

"कुंडलिक, माझे मासे कुठे आहेत?"

"हे काय, बाई!"

"हे? हे तांबडेभडक? मला काय बनवतोस? माझे मासे फिकट होते, पिवळसर! आणि त्या दोघांच्या अंगावर पट्टेबिट्टे काही नव्हते! दोन वर्षं रोज बघतेय मी त्यांना!"

शकुनं तोंडात पदर कोंबला. कुंडलिकनं सांगायला तोंड उघडलं. लेप आठवला, छत्री आठवली, जयवंतचा रिपोर्ट आठवला, आणि यातलं बाईंना काय काय पटेल याचा त्यानं मनातल्या मनात अंदाज घेतला. मग तो पुढे झाला, टाकीमागचा परकर सोडला आणि ट्यूबलाइट लावला.

"बसा बाई, चहा घ्या," तो म्हणाला. "तुमचे मासे येतीलच अर्ध्या तासात!"